बिडीचा साकव

रेंजरसाहेबानं पुंडलिकाला मुकादम केलं ते आठ दिवसांच्या बोलीवर. दिग्गीच्या वाटेवरच्या ओढ्यावर शनिवारपर्यंत लाकडी साकव उभा राहिला तर मुकादमकी कायम, नाहीतर पुन्हा खांद्यावर लाकूड. बायकोनं, सावित्रीनं, ही गोष्ट सगळ्या गावात सांगून टाकली होती, मात्र 'आठ दिवस' एवढे दोन शब्द गाळून. त्यामुळे आता मागं फिरायची सोय उरली नव्हती.

"मुकादमकीत काय अवघड हाय?" पुंडलिक तिला म्हणाला. "तोंड एकाचं चालायचं, हात बाकीच्यांचे."

हात होते बारा जणांचे. सहा हल्याळकडचे कानडी, सहा दिग्गीचे. हुकूम कसा सरकारी वाटला पाहिजे, म्हणून पुंडलिकानं तो कानडीत द्यायचं ठरवलं. हिडी म्हणजे धरा. बिडी म्हणजे सोडा.

ऐनाचा भलामोठा ओंडका दोरांनी धरून उतारावरून सावकाश खाली घ्यायचा होता. पुंडलिक दगडावर चढून ओरडला, "बिडी!"

हल्याळकरांनी दोर सैल सोडला. दिग्गीकरांनी मात्र दोर झाडाला गुंडाळला आणि खाली बसून कनवटीच्या बिड्या काढल्या. त्यांना कानडी येत नव्हतं असं नाही, पण दमलेल्या माणसाला बिडी ऐकू आली की तिचा एकच अर्थ लागतो.

"मुकादम देवमाणूस हाय," सगळ्यांत म्हातारा झिलूमामा धूर सोडत म्हणाला. "पयल्याच उताराला बिडी दिली."

तोवर ओंडका गर्रकन आडवा फिरला होता. तो सरळ करण्यात शुक्रवारची दुपार झाली. पुंडलिकानं सगळ्यांना पुढ्यात बसवून पाठ घेतला. "ध्यानात ठेवा. बिडी म्हंजे सोडायचं. वढायची न्हाई. म्हणा."

बारा जणांनी शाळेतल्यासारखं म्हटलं. दोर पुन्हा ताणले. ओंडका हातहात उतरू लागला, आणि पुंडलिक मनात मुकादमकीचा फेटा बांधू लागला. तेवढ्यात झिलूमामानं शेजारच्या गुणाला हळूच विचारलं, "बिडी हाय काय रं?"

पाठ इतका पक्का झाला होता की बाराच्या बारा जणांनी दोर सोडला. विचारणाऱ्यानंसुद्धा.

ओंडका करवंदीच्या जाळ्या झोपवत गेला आणि ठरलेल्या जागेच्या पार खाली, ओढ्यावर आडवा, दोन काठांच्या कातळांत जाऊन अडकला. पुंडलिकानं धावत माणसं मोजली. बारा. कुणाला ओरखडासुद्धा नव्हता. "देवा, ऋणी हाय तुझा," तो म्हणाला आणि खाली बसला. मुकादमकी तर गेलीच होती. पण म्हणून काय, बारा घरी आज बारा जण जेवणार होते.

"आता काय करू, सांगा गड्यांनो," तो म्हणाला. आठ दिवसांत त्यानं पहिल्यांदाच कुणाला काही विचारलं होतं.

उत्तर खालून आलं. गड्यांच्या भाकऱ्यांची बुट्टी घेऊन दिग्गीहून आलेली फुला ओंडक्यावरून चालत पलीकडं पोचली होती. "मुकादम, वरची जागा कशाला? हितं वढा अरुंद हाय, वाट बी जवळ पडतीया."

मग गुणा म्हणाला, वरची बाजू तासून सपाट करू. हल्याळकर म्हणाले, टोकांना दगड लावू. सगळ्यांत जास्त दगड झिलूमामानं वाहिले. अंधार पडायच्या आत साकव तयार झाला. पुंडलिकानं त्या दिवशी दुसरा हुकूम दिला नाही.

शनिवारी साहेब आले. धारवाडकडचे, मराठी बेताचंच. साकवावरून दोनदा गेले-आले आणि कानडीत म्हणाले, "जागा फार नामी निवडलीस. कुणाची अक्कल ही?"

'माझीच' हा शब्द पुंडलिकाच्या ओठांवर आला होता. पण समोर बारा जण उभे होते, शेवटी झिलूमामा, मान खाली घालून. त्यांच्या जिवावर खोटं बोलवेना. खरं सांगायचं म्हणून त्यानं सुरुवात केली, "बिडी, साहेब..."

"बिडी, बिडी!" साहेब हसून त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "'सोडा, असू द्या, साहेब' म्हणतो! स्वतःचं नाव घ्यायला लाजणारा मुकादम पहिल्यांदाच बघतोय. कायम केला तुला."

संध्याकाळी पुंडलिक बिड्यांचं आख्खं बंडल घेऊन झिलूमामाच्या दारात गेला आणि त्याच्या पाया पडला. "मामा, तुमच्यामुळं मुकादम झालो. जल्मभर बिडीला कमी पडू देणार न्हाई. फकस्त एक करा, कामावर मागताना तोंडानं मागू नका, खूण करा."