पारसची बर्लिनमधली उपासमार

सकाळी पहिला डबा आला तेव्हा सुंदरीआक्कांना वाटलं, शेजारच्या मनुबाईकडे काही कार्य असेल. डब्यात पिठलं, भाकऱ्या आणि बाजूला लोणचं.

"बिनलसणाचं हाय, तुमा जैनास्नी चालंल," मनुबाई दाराशीच म्हणाली. "पारसला वाढा. पोरानं लय सोसलं."

"काय सोसलं?"

"माझ्या तोंडानं कशाला वदवून घेता, आक्का." आणि तिने पदर डोळ्याला लावला. डोळा कोरडाच होता, पण पदर लावायची पद्धत असते.

दुपारपर्यंत गल्लीतून डबे येतच राहिले. आक्कांच्या बेदाण्याच्या शेडवर आलेला हमालसुद्धा कधी बिनजेवणाचा परत गेला नव्हता, आणि आज तासगावचे लोक त्यांच्याच घराला जेवण पुरवत होते. कोणी येऊन कानफटात मारली असती तरी त्यांना एवढं लागलं नसतं.

भानगड सुनेपाशी सापडली. आक्कांचा धाकटा मुलगा पारस तीन वर्षं जर्मनीत राहून लेखक होऊन आला होता. रविवारी सांगलीला त्याच्या 'बर्लिनची भूक' या आठवणींच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. थोरल्या सुनेने, प्रीतीने, त्यातलं एक पान कौतुकाने महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं.

"वाच," आक्का म्हणाल्या. त्यांची शाळा दुसरीतच सुटलेली. साधी अक्षरं त्या स्वतः वाचत, जोडाक्षर आलं की दुसऱ्यावर ढकलत.

प्रीतीने वाचलं, "'आम्ही देशोदेशीचे पाच कलावंत एका पोटमाळ्यावर राहत होतो. अंधार पडला की माझ्या पोटात अन्नाचा कण नसे. पडणारा बर्फ बघत मी उपाशी झोपी जाई...'"

"आनि म्या पाठवलेलं बेदाणं? लाडू? चकल्या?"

"या पानावर न्हाईत, आई."

"मग कुठल्या पानावर हाईत?"

प्रीतीने पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. "कुठंच न्हाईत."

आक्कांनी मागच्या कव्हरवरचा फोटो डोळ्यांजवळ धरला. "उपाशी मानसाचं गाल असलं असत्यात व्हय?"

"मनुबाई म्हनत हुत्या, उपासानं सूज येती."

पारस हॉल बघायला सांगलीला गेला होता, म्हणून वाचला. आक्का जात्यासारखा तोच विचार दळत बसल्या आणि त्यांना एकदम आठवलं. विमानात बसण्याआधी त्यांनी पोराला मुनिमहाराजांसमोर उभं करून नियम घ्यायला लावला होता. दिवस मावळला की तोंडात काही घालायचं नाही. आणि तिकडे थंडीच्या दिवसांत चार वाजताच काळोख पडतो, हे त्यांनी स्वतः व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं. म्हणजे पोर गरिबीने उपाशी नव्हतं, धर्माने होतं.

त्या तशाच देवळात गेल्या आणि बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "चार वाजता ताट बाजूला सारायचा माझा पारस. बर्फात. तुमची पोरं पुन्यात तरी पाळत्यात का?"

पुण्यात पोरं असलेल्या बायका भराभर माळ ओढू लागल्या. डबे यायचे थांबले. आक्कांना वाटलं, जिंकलो.

संध्याकाळी पारस सांगलीहून आला. हॉलवाल्याने दिवसभर चहावर ठेवला होता. हातपाय धुऊन तो पाटावर बसतो न बसतो तोच देवळाचे अध्यक्ष सुकुमारअण्णा दारात आले.

"आक्का, गावाचं नाव काढलं पोरानं," ओट्यावर बसत अण्णा म्हणाले. "रविवारी पुस्तकाच्या आधी सत्कार करू. महाराज सांगलीतच हाईत, त्यांच्या म्होरं पारसनं सांगायचं, परमुलखात नियम कसा पाळला ते. पोरांस्नी जरा वळण लागंल."

आक्का तोऱ्यात आत आल्या. पारसचा घास हातातच होता आणि चेहरा पिठासारखा पांढरा.

"काय झालं रं?"

"आई, ते महाराजांसमोर नको."

"का?"

"नियम आठ दिवसांतच मोडला."

आक्का हळूच खाली बसल्या. "मग रातचं काय खात हुतास?"

"तो स्पेनचा चित्रकार रात्री रांधायचा. बटाटे. कांद्याचं सूप. त्याला तुझे बेदाणे लय आवडायचे. मी बेदाणे द्यायचो, तो जेवू घालायचा."

"म्हंजे माझ्या बेदाण्यावर तू कांदं-बटाटं खाल्लंस."

"रोज नाही."

"मग उपाशी कवा हुतास?"

पारसने मान खाली घातली. "आई, तिथं सगळ्यांनी हेच लिहिलंय. पोट भरलेल्या लेखकाचं कोण छापतंय? तो चिलीचा मूर्तिकार तर उंदीर खाल्ला म्हणून लिहितो. त्याच्या बापाच्या तांब्याच्या खाणी आहेत."

बाहेर अण्णा खाकरले. "आक्का, शाल कुठल्या रंगाची आनू?"

आक्का उठल्या. महाराजांसमोर पोराला खोटं बोलू देणं त्यांच्या हातून होणार नव्हतं, आणि जैनाला वर्ज्य कंदमुळं खाल्ल्याचं सत्य तर ओट्यापर्यंतसुद्धा नेता येत नव्हतं. राहिलं होतं एकच. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाहेर गेल्या.

"आवं अण्णा, शाल नगं. नियम-बियम काय न्हवता. माझंच चुकलं. पोरगं नुसतं उपाशी हुतं."

"उपाशी? तुमच्या घरचं?"

"म्या कंजूष हाय. काय पाठवलं न्हाई. मनुबाईला इचारा, समद्या गल्लीला ठावं हाय."

अण्णा ओट्यावरून उठले. "म्हंजे पुस्तकात लिवलंय ते खरं?"

"अक्षर न् अक्षर."

अण्णा मान हलवत, चपला शोधत निघून गेले. आक्का आत आल्या. खिडकीतून दिसणारी द्राक्षबाग काळी पडली होती. पारसने घास तोंडाशी नेला. आक्कांनी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं, भाकरी टोपलीत ठेवून वर झाकण घातलं.

"दिस मावळला," त्या म्हणाल्या. "जा, झोप. पुस्तक निदान एका रातीपुरतं तरी खरं हुं दे."