थिजणारं आणि वाहणारं

लग्नाच्या पंगतीत पानात पुरी पडली, की वामनमास्तर ती आधी वर्तमानपत्राच्या कागदात दाबायचे. मग तो कागद उजेडात धरायचे, एक डोळा मिटून पाहायचे आणि वधूपित्याला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायचे, "वनस्पती तूप हाय. थिजलेलं!" शेजाऱ्यांचे हात पुरीवरून मागे यायचे. वधूपिता घाईघाईनं जिलबी आणायचा. मास्तर जिलबीही दाबायचे.

अंजनगाव सुर्जीत मास्तरांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही, एकटेच राहायचे आणि उरलेली शाळा गावात भरवायचे. धडा एकच.

"थिजते का वाहते, एवढंच पाहा. तूप, लोनी, खोबरेल थंडीत थिजते. ते बेतानं खा. शेंगदाना, करडी, तीळ, जवस वाहते. ते काळजाले चांगलं, पन म्हनून वाटीनं पिऊ नका. अन् वाहनाऱ्या तेलाले कारखान्यात धरून-बांधून थिजवलं, त झालं वनस्पती तूप. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवते अन् चांगलं घटवते. दोन्हीकून मार!"

माणसांचीही त्यांनी हीच विभागणी केली होती. माझ्यासमोर माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुमी वाहनाऱ्या. हे थिजनारे."

समोर रफिकभाईंचं समोशाचं दुकान. मास्तर रोज सकाळी त्यांच्याच बाकावर बसून त्यांच्याच कढईत डोकावायचे.

"रफिकभाई, तेल आजचं का कालचं?"

"सर, कालच्या तेलाले तजुर्बा असते."

"उकळून उकळून जहर होते ते! गिऱ्हाईक मेलं त समोसे कोन खाईन?"

"सर, चाय पिओ, पर गिऱ्हाईक मत भगाओ," रफिकभाई हात जोडायचे. मास्तर चहा घ्यायचे. बिनदुधाचा.

एका सकाळी हिवरखेडहून त्यांच्या भाच्याचा फोन आला. मास्तरांकडे फोन नव्हता, म्हणून माझ्या घरी. "मामाले सांगा, आई जेवूनच नाही राहिली."

आई म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण, शांताबाई. पंधरवड्यापूर्वी तिचे यजमान गेले होते. कापसाच्या शेतातच गेले. कसे, ते कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. त्या वर्षांत आमच्याकडे ते विचारायची रीतच उरली नव्हती.

मी सोबत निघालो. स्टँडवर जाताना मास्तर बाजारात वळले आणि काखेत एक डबा घेऊन आले. डब्यात काय आहे हे मी विचारलं नाही. झाकणातूनच तुपाचा वास येत होता.

शांताबाई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. मास्तरांनी बाह्या सावरून स्वतः भात टाकला, वरण शिजवलं, ताट वाढलं आणि वर तुपाची धार धरली. धार थांबेना. मीच दचकलो.

"खाय वं."

तिनं ताटाकडे पाहिलं. "भाऊ, हे त थिजते ना रे?"

सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली, असं भाचा नंतर म्हणाला.

"थिजते," मास्तर म्हणाले. "म्हनून गरम हाय तवरच खाय." आणि त्यांनी घास कालवून तिच्या तोंडापुढे धरला. बराच वेळ हात तसाच राहिला. मग तिनं तोंड उघडलं.

मास्तर माझ्यासोबत परत आलेच नाहीत. दिवाळीच्या आधी आले, ते शांताबाईला घेऊन. भाच्याला अकोल्यात काम लागलं होतं आणि हिवरखेडच्या घरात ती एकटी राहिली असती.

एका रात्री भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"भाऊ, अजून एक भाकर वाढू?"

"नको. झालं माह्यं."

"काहून नको? मग मी काय एकटीच जेवू?"

ताट पुढे सरकवल्याचा आवाज आला.

"वाढ," मास्तर म्हणाले.