ओटिसचं टचडाऊन आणि पनवती आजी

त्या वर्षी आमच्या मिलब्रुक कॉलेजची फुटबॉल टीम ओळीने नऊ सामने जिंकली, ती माझ्यामुळे! कोचमुळे नाही, पोरांच्या दंडांमुळे नाही, माझ्यामुळे! अख्ख्या नेब्रास्कात कुणालाही विचारा. बरं, अख्ख्या नको, आमच्या गावात विचारा.

आमचा अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा, आणि माझा नातू ओटिस त्या टीममध्ये होता. कॉलेजचं शेवटचं वर्ष. पोरगा अंगाने धान्याच्या कोठारासारखा, म्हणून कायम पुढच्या फळीत. काम एकच, समोरच्याला ढकलायचं. चार वर्षांत चेंडू म्हणून कधी हाताला लागला नाही! माझी एवढीच इच्छा, त्याने एकदा तरी चेंडू त्या शेवटच्या रेषेपार न्यावा आणि मी ते या डोळ्यांनी बघावं.

पहिल्याच सामन्यात आम्ही सपाटून मार खात होतो. मी दोन वाडगे चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा झणझणीत रस्सा, आणि वर दालचिनीचा रोल हाणून बसलेली. पोटात गडबड झाली, बाथरूमला पळाले. आत शिरते न शिरते तो बाहेर आरडाओरडा, चेंडू रेषेपार, एकदम सहा गुण! टचडाऊन! परत येऊन बसले, टीम ढेपाळली. पोटाने पुन्हा हाक मारली. गेले. पुन्हा टचडाऊन!

शेजारी लोरीन होती, माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती म्हणाली, "व्हर्ना, अगं तू उठलीस की पोरं पळतात!"

"चल, काहीतरीच!"

"मग उठून दाखव."

उठले. तिसरं टचडाऊन, आणि जिंकलो!

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं तोंड! रविवारी चर्चच्या दारातच सुरू झाले, "मी नुसती कंबर उचलली की चेंडू उडतो!" पुढच्या शनिवारी आमची पोरं जरा मागे पडली आणि तीन हजार माणसं माझ्याकडे वळून ओरडायला लागली, "आजी, उठा! आजी, उठा!" बँडवाल्यांनी माझ्या बाथरूमच्या वाटेसाठी खास ढोल बसवला हो!

मग कोच हॅस्केल घरी आला. एवढा धिप्पाड माणूस, टोपी हातात घेऊन दारात उभा. "व्हर्नाबाई, इथून पुढे तुम्ही आत येऊच नका."

"अहो, माझा नातू खेळतोय!"

"त्याच्यासाठीच म्हणतोय. तुम्ही बघितलंत की आम्ही हरतो."

झालं! बाथरूमच्या मागे माझी घडीची खुर्ची मांडली, तोंड भिंतीकडे. पहाऱ्याला लोरीन. सहा शनिवार मी ती भिंत बघितली. टीम जिंकत सुटली आणि मी विटा मोजत बसले.

शेवटचा सामना डनमोर कॉलेजशी, आमच्याच मैदानावर, भर बर्फात. त्यांना आम्ही बावीस वर्षांत हरवलं नव्हतं. आदल्या दिवशी ओटिस म्हणाला, "आजी, एकदा तरी बघायला ये ना गं. माझा शेवटचा सामना आहे."

"गाव मला फाडून खाईल रे!"

"खाऊ दे."

विरघळले मी. वेषांतर म्हणून नवऱ्याचा शिकारीचा कोट चढवला, भडक नारिंगी! अक्कल बघा माझी. आणि जाऊन बसले समोरच्या, डनमोरवाल्यांच्या बाजूला. तिथे मला कोण ओळखणार?

शेजारची बाई गप्पिष्ट निघाली. "यांच्याकडे एक पनवती आजी आहे म्हणे. तिने बघितलं की यांची टीम हरते. शंभरीची आहे, कुबड आलंय म्हणे."

"शंभरीची? अहो, मी एकाहत्तरची आहे!"

बोलले आणि जीभ चावली. वाटलं, आता हाकलतात. कसलं काय! मला उचलून पहिल्या रांगेत बसवलं. बुडाखाली उशी, अंगावर लोकरी घोंगडी, हातात गरम चॉकलेट. "आजी, नीट बघा हं! चष्मा पुसून देऊ का?" लेकीच्या सासरीसुद्धा माझी एवढी सरबराई झाली नाही!

आणि मी बघायला लागले तशी आमची टीम हरायला लागली. दोन मिनिटं उरली, आम्ही चार गुणांनी मागे. तेवढ्यात पलीकडे माझी खुर्ची रिकामी बघून लोरीनने दुर्बीण लावली. नारिंगी कोट दिसला. तिची किंकाळी मैदान ओलांडून आली, "व्हर्नाऽऽ! डोळे मीट!"

तीन हजार माणसं ओरडली, "डोळे मीट!"

इकडची मंडळी माझ्या कानात, "आजी, उघडे ठेवा!"

आता सांगा, ओटिसला बघू की ओटिसला जिंकवू? मी डोळे गच्च मिटले.

मग एकदम स्फोट झाल्यासारखा आवाज. डोळे उघडले तर सगळं गाव मैदानात आणि ओटिस सात जणांच्या खांद्यावर. सातही जण वाकलेले! ओटिसच्या हातात चेंडू! उतरला आणि थेट माझ्याकडे धावत आला. "आजी, माझं टचडाऊन! पाहिलंस?"

मागे कोच आणि लोरीन, कान टवकारून. पाहिलं म्हणावं तर नऊ विजयांचं श्रेय जातं. नाही म्हणावं तर पोराचं तोंड उतरतं. श्रेय गेलं खड्ड्यात!

"पाहिलं म्हणजे? डोळे किलकिले केले होते ना! काय पळालास रे! सत्तर यार्ड! चौघांना उडवलंस!"

ओटिस माझ्याकडे वाकला. मग हळूच म्हणाला, "आजी, मी पळालो नाही. आपल्याच पोराच्या हातून चेंडू निसटून रेषेपार घरंगळला. मी नुसता त्या चेंडूवर पडलो."

आणि त्याने माझ्या गालावर बोट फिरवलं. घोंगडीची वीण उमटली होती गालावर, इथपासून इथपर्यंत.

"झोपली होतीस?"

काय सांगू तुम्हाला! डोळे मिटले ते त्याच्यासाठीच, शपथेवर सांगते. पण ती घोंगडी इतकी उबदार होती हो! शेजारची बाई म्हणालीच, "घोरत होत्या!"

लोरीनने छातीवर हात ठेवला. "देवा, वाचलो! बघितलं नाही हिने!"

ओटिस हसता हसता बर्फात बसला. डोळे पुसले आणि म्हणाला, "आजी, पुन्हा सांग ना. मी कसा पळालो?"

सांगितलं की! या खेपेला नव्वद यार्ड, आणि सहा जण.