मिस्त्रींचे व्यावसायिक निधन

मिस्त्री वारले ते मंगळवारी सकाळी, दुसरा चहा घेताना. प्रकृतीची काही तक्रार नव्हती. निर्णय बायकोच्या भाच्याने घेतला, बायकोने त्याला अनुमोदन दिले, आणि मिस्त्रींनी स्वतः "बघा बुवा, तुम्हाला योग्य वाटतं तसं करा" असे म्हणून ठराव मंजूर केला.

मिस्त्री लाकडाची स्टुले बनवत. उभी हयात त्यांनी दुसरे काही केले नव्हते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत कारखाना आणि मधल्या खोलीत संसार. स्टूल तयार झाले की ते फरशीवर ठेवून चारही कोपरे अंगठ्याने दाबून बघायचे. जरा कुठे डुगडुगले तर पाय काढून पुन्हा बसवायचे. त्यामुळे त्यांचे स्टूल एकदा घेतलेला माणूस पुन्हा दुकानात येत नसे. गरजच पडत नसे. धंदा बसला तो अशा रीतीने, चांगल्या मालामुळे.

भाचा ब्रँड सल्लागार होता. म्हणजे तो स्वतः काही विकत नसे, पण लोकांचे का विकले जात नाही हे त्याला अचूक कळे. त्याने मिस्त्रींना ऑनलाइन दुकान काढून दिले. फोटो काढले, किमती टाकल्या, उद्घाटन म्हणून एक बटण दाबले आणि सगळे फोनभोवती कोंडाळे करून बसले. पहिली ऑर्डर मेहुणीची आली. ती चुकून दाबली गेली होती, असे तिने फोन करून कळवले. त्यानंतर जी शांतता पसरली ती बरेच दिवस टिकली.

"काका, घोडं इथे अडलंय," भाचा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला. "'आमची कहाणी' या रकान्यात तुम्ही काय लिहिलंय? 'आम्ही स्टुलं बनवतो. बसून बघा.' ही काय कहाणी झाली?"

"मग आणखी काय लिहू? तेच करतो ना आम्ही."

"लोक वस्तू घेत नाहीत, काका. वस्तूमागचं दुःख घेतात. तुम्हाला काही दुःख?"

मिस्त्रींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "गुडघा धरतो सकाळचा."

"गुडघा चालणार नाही."

"चालत नाहीच तो. तेच सांगतोय मी."

"तसं नाही हो. आजारपण, आग, पूर, फसवणूक, असलं काही?"

"एकदा रंधा चोरीला गेला होता," बायको मदतीला आली. "पण तो नंतर माळ्यावरच सापडला."

भाच्याने कपाळाला हात लावला. इतके नालायक सुखी घर त्याने व्यवसायात पाहिले नव्हते. मग त्याची नजर आत्यावरून काकांवर आणि काकांवरून पुन्हा आत्यावर गेली, आणि तो हळूच म्हणाला, "काका, समजा, तुम्ही नसता तर?"

"नसते म्हणजे? कुठे गेले असते?" बायकोने विचारले.

"म्हणजे, फक्त दुकानापुरते. घरात जसे आहेत तसेच. जेवण, झोप, सगळं चालू."

अशा रीतीने दिवंगत पतीची कला एकटीने जपणारी एक स्त्री त्याच दिवशी बाजारात उतरली.

आता खाते मिस्त्रींच्या नावावर होते, ते बायकोच्या नावावर करणे आले. विक्रेता साहाय्य कक्षातल्या बाईंनी फोनवर नियम वाचून दाखवला: खातेदाराच्या निधनाची खात्री पटवण्यासाठी खातेदाराच्या मोबाइलवर एक क्रमांक पाठवण्यात येईल, तो खातेदाराने स्वतः सांगणे बंधनकारक आहे.

मिस्त्रींनी फोन हातात घेतला आणि क्रमांक सांगितला.

"धन्यवाद. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपण कोण बोलताय?"

"मीच."

"म्हणजे दिवंगत स्वतः?"

"हो."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "फार बरं झालं सर. नातेवाईक असते तर वेळ लागला असता. या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?"

आपण समाधानी असल्याचे मिस्त्रींनी नोंदवले. दुकानाच्या नावापुढे 'प्रमाणित दुःख' असा निळा शिक्का उमटला.

मग व्हिडिओ झाला. बायको नव्या स्टुलावर बसली, भाच्याने दिवा मंद केला, आणि मिस्त्रींना मागच्या खोलीत उभे केले. भाच्याने लिहून दिलेली वाक्ये बायकोला काही केल्या पाठ होईनात. शेवटी ती कागद बाजूला ठेवून आपल्याच मनाने बोलू लागली. "माणूस हट्टी होता. पण मी आजारी पडले तेव्हा बिछान्याजवळ स्टूल घेऊन बसला तो उठलाच नाही. मी झोपले असं वाटून माझ्या कपाळावर हात ठेवायचा. मी जागी असायचे." एवढे बोलून तिने डोळ्यांना पदर लावला. तो भाच्याने सांगितला नव्हता.

दाराआड मिस्त्री ऐकत होते. भाचा गेल्यावर त्यांनी विचारले, "हे मला कधी बोलली नाहीस ती?"

"तुम्ही समोर असायचात," बायको म्हणाली आणि लगबगीने भाजी निवडायला गेली.

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. ऑर्डरी इतक्या आल्या की फोन गरम झाला. 'दिवंगतांच्या हातची शेवटची स्टुले' हां हां म्हणता संपली. मग 'माळ्यावर सापडलेली शेवटची स्टुले' आली, मग 'खरोखरच शेवटची'. 'लाकडाला हात लावला तर अजून ऊब जाणवते,' असे एकीने लिहिले. ते खरेच होते, कारण पॉलिश आदल्या दिवशीच वाळले होते.

"मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच," मिस्त्री म्हणाले. पण दूध काढायला म्हैसच राबत होती. सांत्वनाला लोक घरी येऊ लागल्यामुळे ठोकाठोकीचा आवाज बंद झाला. मिस्त्रींनी हातोड्याला पायमोजा घातला. खिडकी लावून घेतली. खोकला आला की तोंडात उशी कोंबली. गल्लीत पाय मोकळे करायला जायचे तर टोपी घालून, दिवंगतांचा धाकटा भाऊ म्हणून. शेजारच्या शिंप्याची फळी ठोकून दिली तर तो त्यांना म्हणाला, "थोरल्यासारखा हात नाही हं तुमचा." मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

एका दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. सोबत स्टूल होते. मिस्त्री नेहमीप्रमाणे दाराआड.

"तक्रार नाही हो," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला भेटायलाच आले. स्टूल थोडं डुगडुगतं, पण गेलेल्या माणसाला काय बोलायचं? मी पायाखाली पुठ्ठा घालते आणि त्यांची आठवण काढते."

दाराआड काहीतरी आपटले. बायकोने "उंदीर" असे म्हणायला तोंड उघडले तोवर मिस्त्री बाहेर आले होते, डोक्यात भुसा आणि हातात पायमोजा घातलेला हातोडा. कोणाकडे न बघता त्यांनी स्टूल उलटे केले, एक पाय हलवून पाहिला आणि जीभ चावली. "अंधारात बसवला. खाच तिरकी गेली. पुठ्ठा कसला घालताय, बाई? लाज काढाल माझी."

"आपण कोण?"

"मिस्त्री."

"पण मिस्त्री तर..."

"वारलो होतो," ते पाय उपटत म्हणाले. "एवढा नीट बसवून देतो."

त्यांनी पाय बसवला, स्टूल फरशीवर ठेवले आणि चारही कोपरे अंगठ्याने दाबले. स्टूल जमिनीतून उगवल्यासारखे घट्ट उभे राहिले. त्या क्षणी त्यांना जितके बरे वाटले तितके वारल्यापासून वाटले नव्हते.

बाईंना मात्र वाटले नाही. "मी दोनदा रडले," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेला रडायला लावलं. आणि तुम्ही इथे धडधडीत जिवंत? वर तोंड करून सांगता?"

"स्टूल आता नीट आहे, बाई. बसून बघा."

"स्टुलाचं काय घेऊन बसलात!"

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळले. माल परत घेण्याच्या कारणांमध्ये 'तुटलेले' आणि 'रंग वेगळा' यांच्याखाली कंपनीने 'निर्माता हयात' हे नवे कारण तातडीने घातले आणि निळा शिक्का काढून घेतला. अभिप्रायांचा पाऊस पडला. 'स्टूल मजबूत, उंची योग्य, लाकूड उत्तम. माणूस जिवंत निघाला. एक तारा.' 'आमच्या घरी तीन आहेत, एकही डुगडुगत नाही, पण आता बसवत नाही.' पुढची खोली परत आलेल्या स्टुलांनी छतापर्यंत भरली. मिस्त्रींनी एकेक उतरवून तपासले. दोष कशातही नव्हता.

भाचा घामाघूम होऊन आला. "काका, अजून वाचवता येईल. 'मृत्यूच्या दारातून परत', असा व्हिडिओ करू. आत्या रडेल."

"मी नाही रडणार आता," बायको म्हणाली. "तेव्हा खोटं बोलले नव्हते मी. माणूस तेवढा खोटा मेला होता."

मिस्त्रींनी भाच्याला पाणी दिले, बसायला स्टूल दिले, आणि खाते बंद न करता 'आमची कहाणी' स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिली: 'घरात सगळे ठणठणीत आहेत. कोणालाही काही झालेले नाही. स्टूल पक्के आहे.'

खिडकी उघडी ठेवून, हातोड्याचा पायमोजा काढून ते पुन्हा कामाला लागले. दुकानाच्या पानावर रोज पुष्कळ लोक येतात. फोटो बघतात, किंमत बघतात, कहाणीपाशी येतात आणि 'ठणठणीत' या शब्दावरून निघून जातात. परवा मात्र एक जण त्या ओळीवर बराच वेळ थांबल्याचे फोनवर दिसले. मिस्त्रींनी बायकोला हाक मारली. दोघांनी श्वास रोखून फोनकडे पाहिले. थोड्या वेळाने खाली एक प्रश्न उमटला.

'निर्मात्याचे वय काय? घाई नाही. सध्या यादीत टाकून ठेवत आहे.'

नाव दिलेले नव्हते. प्रश्नाखाली फक्त 'एक सहृदय वाचक' असे लिहिले होते.