संसार, सतरा नग

सात जून एकोणीसशे एकाहत्तर. भाडे दरमहा सहा रुपये. हजर : मी, सौ. आणि गोदामाचे राखणदार दगडूमामा. माझी बदली नगरहून पाथर्डीला झाली होती आणि तिथे मिळाली एकच खोली. म्हणून घरचे फर्निचर भिंगारच्या रस्त्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात ठेवले. परतलो की त्यांच्याच ट्रकने घरपोच.

मी यादी दिली. पलंग, कपाट, पाळणा वगैरे धरून सतरा नग. मामांनी ती बाजूला सारली आणि पावतीवर लिहिले, "संसार, एक."

"अहो, नग मोजा ना!"

"नग बाजारात मोजायचं, साहेब. संसार मोजत न्हाईत. दिष्ट लागती."

"हा अठरावा नग," सौ. माझ्या कानाशी म्हणाली.

पाथर्डीला दरमहा मामांचे कार्ड येऊ लागले. "पलंग खुशाल हाय. कपाट लई कुरकुरत हुतं, बिजागरीला त्याल पाजलं. टेबल तुमची वाट बघतंय." पोस्टमन ते आधी स्वतः वाचून हसे, मग मला देई. मला हसू येईना. हा माणूस आमच्या सामानाचे करतो तरी काय? मुलगी पहिल्या बाळंतपणाला येणार होती. ती ज्यात वाढली तोच पाळणा तिला बाळासाठी हवा होता.

अकरा महिन्यांनी बदली परत नगरला झाली. न कळवता गोदामात गेलो आणि दारातच थिजलो. आमचा पाळणा तुळईला टांगलेला. मामा दोरी ओढताहेत. आत दुपट्यात कुणीतरी!

"मामा! कुणाचं मूल हे?"

"हळू, साहेब."

मी दुपटे उघडले. आत वरवंटा! बारशाला पाळण्यात घालतात तसा, वर काजळाची तीट.

"पाळना रिकामा ठिवू न्हाई," मामा म्हणाले. "आमच्या घरचा आठ वरसं रिकामाच ऱ्हायला. मग मालकीन बी गेली. ह्यो वरवंटा तिचा."

मी नग मोजले. सतरा भरले. कशावर ओरखडाही नव्हता.

ट्रक भरला. पाळणा मामांनी कुणाला उचलू दिला नाही. वरवंटा काढून धोतराच्या सोग्यात गुंडाळला. मी दोन रुपये पुढे केले, तर मामांनी हात मागे घेतला आणि स्वतःच्याच कनवटीचे काहीतरी पाळण्यात ठेवले.

कंपनीला सहासष्ट रुपये. हमालांना चार. आणि मामांकडून सव्वा रुपया, अजून जन्मालाही न आलेल्या माझ्या नातवंडाला.