भेगेचा कॉपीराइट

सुंदर वस्तू ज्याच्या मालकीची, तिच्याकडे बघण्याचा हक्कही खरे तर त्याच्याच मालकीचा. हे तत्त्व जगाला अजून नीट कळलेले नाही. अमरावती रोडवरच्या आमच्या गगनवेध कॉम्प्लेक्सला मात्र ते पहिल्याच वार्षिक सभेत कळले, आणि सोसायटीचा सचिव या नात्याने ते अमलात आणण्याचे भाग्य मला लाभले.

आमची इमारत वाडीच्या गोदामांच्या रांगेत उभी आहे. तिचा काचेचा दर्शनी भाग संत्र्याच्या फोडीवरून सुचला, असे आर्किटेक्ट विक्रम साहेब सांगतात. (ट्रकवाले तिला ताडपत्री म्हणतात. कलेच्या बाबतीत ट्रकवाल्यांचे काय घेऊन बसायचे?) अशा कलाकृतीचे येणारे-जाणारे फुकट फोटो काढत. म्हणून सभेने एकमताने ठरवले की कॉपीराइट आपला, सबब रस्त्यावरूनही फोटो काढण्यास मनाई. एका वकील सभासदाने उगाच शंका काढली की कॉपीराइट कायद्याच्या कलम बावन्नप्रमाणे इमारतीचा फोटो कोणीही काढू शकतो. आम्ही कायदा मागवून पाहिला. तसे लिहिलेले आहे खरे, पण फार बारीक अक्षरांत. आमची पाटी हातभर उंच अक्षरांत आहे, तीही लाल. शंभरातले नव्व्याण्णव लोक ती वाचून मोबाइल खिशात घालतात. उरलेला एकजण चष्मा विसरलेला असतो.

आमच्या भिंतीला लागून रुपराव आणि प्रयागबाई या म्हाताऱ्या जोडप्याचे कौलारू घर होते. आमचे तळघर खोदले गेले त्या सुमारास त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग पडली. (या दोन घटनांचा परस्परसंबंध सिद्ध झालेला नाही. तो सिद्ध होऊ नये, एवढीच आमची इच्छा.) त्यांनी सरकार दरबारी तक्रार केली. तिथले सरकारी साहेब म्हणाले, भेगेचा फोटो आणा, मग बघू. प्रयागबाई मोबाइल घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा आमचा वॉचमन कवडू कर्तव्याला जागला.

"मावशी, मोबाइल ठेवा. इथं फोटो मना हाय."

"काहून गा? मी माह्या घराचा काढून राहिली."

"मांगं बिल्डिंग येऊन राहिली ना फोटोत."

"तं तिले जराशी सरकव ना बापा!"

ही सूचना सोसायटीच्या समितीपुढे ठेवली गेली. तांत्रिक कारणास्तव ती फेटाळावी लागली.

मग रुपराव माझ्याकडे आले. म्हणाले, "घरात जाऊन नुसत्या भेगेचा काढतो. मंग तं चालते ना?" मी विक्रम साहेबांना फोन लावला. त्यांचे उत्तर मला आजही पाठ आहे. भेग आपल्या इमारतीमुळे पडली असेल, तर ती आपल्या इमारतीचाच विस्तार, म्हणून तिचा कॉपीराइट आपला. आणि आपल्यामुळे पडली नसेल, तर तिच्या फोटोची गरजच काय? रुपराव "एवढी मोठी बिल्डिंग हाय, कायदा असंनच," असे म्हणून निघून गेले. कोणता कायदा, हे त्यांनी विचारले नाही. असे समंजस शेजारी नशिबाने मिळतात.

माणुसकी म्हणून आम्ही त्यांना हाताने चित्र काढायची मुभा दिली. त्यांनी काढले. सरकारी साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, हा नाग नदीचा नकाशा इकडे कसा आला?

एप्रिलमध्ये भिंत पडली. दोघे अंगणात भिवापूरच्या मिरच्या वाळत घालत होते, म्हणून वाचले. चूल, भांडी, डबे, सगळे मातीखाली गेले. रस्त्यावरची गर्दी मोबाइल उंचावून उभी राहिली. कवडू धावत आला, "साहेब, याईले अडवू का?" समितीने फोनवरच निर्णय दिला की पडलेली भिंत ही वास्तू नसते. वास्तूच नाही, तर भेग नाही. भेग नाही, तर कॉपीराइट नाही. फोटो सर्वांना खुले.

सर्वांनी काढले. सरकारी साहेबांच्या मोबाइलवरही पोचले. ते हळहळून म्हणाले, असे स्पष्ट फोटो आधी द्यायला काय झाले होते?

प्रयागबाई मातीच्या ढिगावर बसल्या होत्या. "आता काढा रे, पोटभर काढा," त्या म्हणाल्या. "उभी होती तवा एकाचा तरी मोबाइल निंगाला काय?" मला वाईट वाटले. पण सोसायटीच्या सचिवाला वाटून उपयोग नसतो.

वाचकहो, त्या ढिगाचा फोटो आपल्यालाही आला होता. आपण हात जोडल्याचे चिन्ह टाकून तो पुढे पाठवलात, याची आम्ही नोंद घेतली आहे. पाठवण्याआधी आपण एक गोष्ट केलीत. कडेला आमच्या इमारतीचा कोपरा दिसत होता, तो कापून टाकलात. उगाच लफडे नको म्हणून. आम्ही तसे सांगितलेही नव्हते. सोसायटी आपली आभारी आहे.