एकाच मापाचे पाच खेकडे

मुलांनो, एका जंगलात, असं मी म्हणणार होतो. पण या जंगलाच्या चहूबाजूंनी महासागर होता, तेव्हा आपण त्याला बेट म्हणू. ते इतकं लहान होतं, की नकाशावर तिथे माशी बसून गेली असावी असं वाटे.

बेटाचा राजा सिंह. तो साता समुद्रापलीकडे राहायचा. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. शाळेतली पोरं मात्र त्याच्या देशातल्या नद्यांची नावं घडाघडा म्हणत. बेटावर नदी नव्हती.

बेटावर दोन मोठे पक्ष होते. डुकरं म्हणत, सिंह राहू दे. वटवाघळं म्हणत, सिंह जाऊ दे. तीस वर्षं हेच भांडण चाललं होतं. सिंहाला ते ठाऊक होतं की नाही, मला ठाऊक नाही.

हाल होत होते एका कासविणीचे. दर वर्षी ती किनाऱ्यावर अंडी घालायची आणि दर वर्षी डुकरं ती उकरून खायची. तिला सिंहाशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला वाळूभोवती केवड्याचं कुंपण हवं होतं. "यंदा तरी एक पिल्लू पाण्यात जाताना बघू द्या," असं ती भेटेल त्याला सांगायची.

तिचं ऐकलं ते शंखात राहणाऱ्या पाच खेकड्यांनी. एका शंखात एकच खेकडा मावतो, म्हणून त्यांच्या पक्षातही एकेकच असे. पाच खेकडे, पाच पक्ष. एक ना धड भाराभर चिंध्या, असं वटवाघळं म्हणायची.

निवडणूक आली तेव्हा पाचांनी आघाडी केली. कुंपणावर चटकन एकमत झालं. अडलं ते पुढारी कोण यावर. थोरला नांगोजी मागे सरेना, त्याच्याहून किंचित लहान टोकेराव सरेना, आणि सुपारीएवढी शिंपलाबाई तर मुळीच सरेना. शेवटी शिंपलाबाईने जाहीरनाम्यात पहिलंच कलम घातलं: "आम्ही पाचही जण एकाच मापाचे आहोत." सगळ्यांना ते फार आवडलं.

कासवांनी भरभरून मतं दिली. सभेत सात जागा होत्या. डुकरांना तीन मिळाल्या, वटवाघळांना तीन, आघाडीला एक. वटवाघळांना कासवांचा काही पुळका नव्हता, पण डुकरांना कुंपण नको होतं, म्हणून वटवाघळांना हवं होतं. म्हणजे आघाडीचं एक मत पडलं की कुंपण झालंच. कासवीण रडली. कासवं एरवीही रडतात, पण हे रडणं आनंदाचं होतं.

सभापती बगळ्याने आघाडीला नारळाएवढा शंख पाठवला. पाचांपैकी ज्याच्या अंगावर हा शंख असेल त्याचंच मत धरायचं, असा सभेचा नियम होता.

आता खेकडे एकमेकांचे पाय ओढतात, असं तुम्ही ऐकलं असेल. या खेकड्यांबद्दल ते साफ खोटं आहे. यांची रीत फार शिस्तीची. मोठा शंख मिळाला की मापाप्रमाणे रांग लावायची. थोरल्याने नवा शंख घ्यायचा, त्याचा जुना दुसऱ्याने, दुसऱ्याचा तिसऱ्याने. सगळ्यांना एकेक माप मोठं घर. पणजोबांपासून यात कधी भांडण झालेलं नव्हतं.

सभेच्या सकाळी पाचही जण वाळूवर जमले.

"रांग लावा," नांगोजी म्हणाला. "मी थोरला, मी पुढे."

"थोरला कसा?" टोकेराव म्हणाला. "आपण एकाच मापाचे आहोत."

"अहो, ते मतांपुरतं."

"असं कासवांना सांगू का?"

शिंपलाबाई म्हणाली, "कलम माझं आहे. सगळे एकाच मापाचे, तर मीच का पुढे नको?"

"बाई," नांगोजी म्हणाला, "त्या शंखात तुम्ही हरवाल."

"हरवेन. पण तत्त्वाने हरवेन."

रांग काही लागेना. मग ठरलं, की ज्याची कलमावर निष्ठा असेल त्याने अंगावरचा शंख उतरवावा. पाचही जणांनी उतरवले. शंखाबाहेरचा खेकडा मागून अगदी मऊ असतो, आणि ते कोणी पाहिलेलं त्याला खपत नाही. म्हणून सगळे एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले आणि वाद घालू लागले. तेवढ्यात भरती आली. लाट नारळाएवढा शंख घेऊन गेली. घाबरून जो तो सापडेल त्यात घुसला. शिंपलाबाई नांगोजीच्या शंखात गेली. नांगोजीला करवंटी मिळाली.

सभेत बगळ्याने विचारलं, "आघाडीचा सभासद कोण?"

पाच नांग्या वर झाल्या.

"शंख कुठाय?"

पाच नांग्या समुद्राकडे वळल्या.

मतं पडली तीन विरुद्ध तीन. बरोबरी झाली की निर्णय सिंहाने द्यायचा, असाही एक नियम होता. कागद साता समुद्रापलीकडे गेला.

आघाडी त्याच दिवशी मोडली. पाचही पक्ष पुन्हा वेगळे झाले. शिवाय टोकेरावाने 'मूळ आघाडी' नावाचा सहावा पक्ष काढला. त्यातही तो एकटाच होता.

पंधरा दिवसांनी कासवीण पोटात अंडी घेऊन किनाऱ्याला आली. कुंपण नव्हतं. डुकरं होती.

"नांगोजीराव, केवडा कधी लावणार?" तिने पाण्याच्या कडेवरूनच विचारलं.

करवंटीतून आवाज आला, "बाई, आघाडी मोडली. पण कुंपणावर आमचं अजूनही एकमत आहे."

 मग ती वळली आणि दुसरं बेट शोधायला निघाली. जवळचं बेट शंभर कोसांवर होतं, आणि पोट जड होतं. मला तिचं फार वाईट वाटतं, मुलांनो.

सहा महिन्यांनी सिंहाची मंजुरी आली. वरातीमागून घोडं. डुकरांनी विरोध केला नाही, कारण कासवं गेली होती आणि आता उकरायला काही उरलं नव्हतं. केवड्याचं कुंपण फार सुरेख झालं. उद्घाटनाला खेकड्यांचे सहाही पक्ष आले आणि हे आपल्यामुळेच झालं, असं प्रत्येकाने सांगितलं. कुंपणाच्या आत स्वच्छ वाळू होती. तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

तात्पर्य: एकीचं बळ मोठं असतं. पाच पक्षांनी मनापासून एकी केली, तर एका भरतीत त्यांचे सहा होतात. कासवांनी मात्र पोहण्याची सवय ठेवावी.